आईचं ससून

आमची आई ससूनची. सांगलीच्या सिव्हिलमधून ती निवृत्त झाली त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली, पण नर्सिंगचं शिक्षण आणि नोकरीची पहिली पाच वर्षं पुण्यात ससूनला. त्यामुळे घरी कुणी इंजेक्शन द्यायला आलं तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तू कुठली गं? आम्ही ससूनच्या." मे महिन्यात माझ्या नातवानं तिला विचारलं, "पणजी, ससून म्हणजे काय?" आई म्हणाली, "दवाखाना." "पण ससून म्हणजे काय?" आई जरा थांबली. "कुणीतरी पारशी असेल रे." मी शाळेत असल्यापासून तो कुणी गोरा साहेब असावा असं धरून चाललो होतो. दोघंही चुकलो होतो.

डेव्हिड ससून हा बगदादचा ज्यू. म्हटलं, माणूस शोधायचाच तर नीट शोधू. ऑगस्टच्या शेवटी गुरुवार ते रविवार असे चार दिवस काढले. दोन मुंबईला, दोन पुण्याला. वार निवडताना एक चूक केली, ती शनिवारी कळली.

गुरुवार

भाचा परळला राहतो. त्याला पहाटे साडेचारला उठवलं म्हणून तो टॅक्सीत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. कुलाब्याला ससून डॉकच्या फाटकात उतरलो तेव्हा अजून अंधार होता, आणि आम्ही उतरायच्या आधीच वास टॅक्सीत शिरला होता.

मासेमारीची बंदी उठून तीन-चार आठवडे झालेले, त्यामुळे धक्का भरून वाहत होता. होड्या एकीला एक खेटून लागलेल्या. वरून टोपल्या फेकल्या जातायत, खाली झेलल्या जातायत, बर्फाच्या लाद्या घरघर करत भुग्यात निघतायत. सुरमई, हलवा, बोंबील, मांदेली, आणि मला नावं न येणारं बरंच काही. लिलाव पुकारणाऱ्याचं एक वाक्य मला कळलं नाही, पण घेणाऱ्या बायकांना कळत होतं. एका शेडमध्ये शे-दीडशे बायका पाटावर बसून कोलंबी सोलत होत्या. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला दोरा काढायचा; एका कोलंबीला दोन सेकंदही लागत नव्हते.

त्यातल्या एका मावशींना विचारलं, "या धक्क्याला ससून का म्हणतात?"

"का म्हंजे? ससूनच हाय हा. माझ्या आजेसासूपासून ससून." हात थांबले नाहीत. "तुमी फोटू काढताय काय? नाय ना? मग उभं ऱ्हावा."

(फोटोला इथे मनाई आहे, ती पाळा. आणि चांगले बूट घालून जाऊ नका. घोट्यापर्यंत बर्फाचं आणि माशांचं पाणी असतं. माझ्या चपला मी लॉजच्या बाहेरच्या कचराकुंडीत टाकून आलो.)

हा धक्का डेव्हिडनं बांधलेला नाही. तो त्याच्या थोरल्या मुलानं, अब्दुल्लानं, 1875 मध्ये समुद्रात भर घालून बांधला. पश्चिम भारतातली ही पहिली ओली गोदी. म्हणजे भरतीचं पाणी आत अडवून ठेवायचं, बाहेर ओहोटी लागली तरी जहाज आत तरंगतं, माल चढवता-उतरवता येतो. बांधली ती व्यापाराच्या जहाजांसाठी, मासळीचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नसणार. कापसाचे गठ्ठे गेले, कोळणी राहिल्या.

इराण्याकडे ब्रून-मस्का खाल्ल्यावर भाचा माणसात आला. त्याला मी डेव्हिडची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगून टाकतो.

1792 मध्ये बगदादला जन्म. बाप तिथल्या पाशांचा, म्हणजे तुर्की सुभेदारांचा, खजिनदार आणि ज्यू समाजाचा पुढारी. पुढे दाऊद पाशाचं राज्य आलं आणि श्रीमंत ज्यूंना पिळून काढणं सुरू झालं. डेव्हिड निसटला, इराणच्या आखातावर बुशहरला आला, आणि तिथून 1832 च्या सुमारास बायकामुलांसह मुंबईत. वय चाळीस. आपल्याकडे त्या काळी चाळिशीतला माणूस काशीला जायची भाषा करायचा, हा पेढी उघडत होता.

वेळ मात्र त्यानं अचूक गाठली. कंपनी सरकारची चीनच्या व्यापारावरची मक्तेदारी 1833 च्या कायद्यानं उठली. आता कुणीही माल चढवावा. सुरुवातीला ससूनचा धंदा मधल्याचा होता. मँचेस्टरकडचं कापड घ्यायचं, आखातात पाठवायचं आणि तिकडून येणारा माल इथे विकायचा. अरबी, फारसी, तुर्की, हिब्रू त्याला येत होती, हिंदुस्तानी तो शिकला. इंग्रजी मात्र आलीच नाही. 1853 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना सही केली ती हिब्रूत. पेढीचा पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत चालायचा. टपाल कुणाच्या हाती लागलं तरी वाचणार कोण? आपल्या जुन्या सावकारांची मोडी बघून हीच शंका मला नेहमी यायची.

आणि मुलगे आठ. त्यानं त्यांना घरात बसवून ठेवलं नाही. दुसरा मुलगा इलियास 1844 मध्ये चीनला गेला, बाकीचेही आळीपाळीनं बंदरं फिरून धंदा शिकले. हाँगकाँगला कोण, शांघायला कोण, लंडनला कोण. मुनीम परका असला तर चोरी करील, मुलगा करणार नाही, असा साधा हिशोब.

काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीत शिरलं की समोर तोच उभा आहे. संगमरवरी पुतळा, टॉमस वुल्नर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. डोक्याला फेटा, अंगात घोळदार झगा, लांब दाढी. सुटाबुटातला साहेब बघायला आलेला माणूस चकित होतो. इमारत 1870 ची, पिवळसर मालाड दगडाची. बांधायला डेव्हिडनं 60,000 रुपये दिले होते. वरच्या सज्जात लांब हाताच्या लाकडी आरामखुर्च्या आहेत आणि त्यांत मुंबईची ज्येष्ठ मंडळी उघडं वर्तमानपत्र पोटावर ठेवून झोपतात. एका आजोबांना मी हळूच विचारलं, रोज येता का? डोळे न उघडता म्हणाले, "बेचाळीस वर्षं. पंख्याखालची खुर्ची ही."

पलीकडच्या गल्लीत निळं-पांढरं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. 1884 मध्ये इलियासच्या मुलानं, जेकबनं, वडिलांच्या नावानं बांधलं. इथे ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत आणि माझं आधार कार्ड लॉजवर. दुपारच्या उन्हात परत जाऊन आणलं. भाच्याच्या चेहऱ्यावर पहाटेचा हिशोब चुकता झाल्याचं समाधान. (मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स दोन्ही जवळ ठेवा. हे मुंबई-पुण्याच्या सगळ्या सिनेगॉगना लागू.) आत गेल्यावर मात्र चीज झालं. रंगीत काचांतून पडलेला निळा-तांबडा उजेड फरशीवर हळूहळू सरकत होता आणि बाहेरच्या हॉर्नचा आवाज जणू दुसऱ्या गावातून येत होता.

जाता जाता : फ्लोरा फाउंटनचं नाव फ्लोरा ससूनवरून पडलं असं भाच्याला कुणीतरी सांगितलं होतं. तसं नाही, ती रोमन देवता. पण फ्लोरा ससून होती खरी. डेव्हिडची सून. नवरा 1894 मध्ये वारल्यावर तिनं मुंबईची पेढी स्वतः चालवली, आणि प्लेगच्या साथीत हाफकिनच्या लशीमागे ती उभी राहिली.

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"बगदादचा? बरं बाई. मग दुकान कसलं होतं त्याचं?"

"कापडाचं," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

शुक्रवार

भायखळा. सकाळी राणीच्या बागेत. बाहेर वस्तुसंग्रहालयाजवळ डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, 1865 चा, चारही बाजूंना तबकड्या. आणि आत तो मूळ काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्ड राजाचा, हा अश्वारूढ पुतळा अब्दुल्लानं शहराला दिला. 1879 पासून तो काळा घोड्याच्या चौकात उभा होता, 1965 मध्ये उचलून इथे आणला. चौकात गुरुवारी आम्ही बघितला तो 2017 चा नवा घोडा, स्वाराशिवायचा. राजा गेला, घोडा राहिला, आणि घोडा देणाऱ्याचं नाव दोन्हीकडे कुणाला विचारलं तर येत नाही. (बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात.)

हा अब्दुल्ला पुढे अल्बर्ट झाला. सर झाला, 1890 मध्ये बॅरोनेट झाला, लंडनला स्थायिक झाला. बापाचा झगा आणि फेटा मुलांनी फार लवकर उतरवला. 1867 मध्ये भावाभावांत पेढीही फुटली. इलियासनं वेगळी दुकानदारी मांडली. हे वाचताना मला आमच्या गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या सराफाची आठवण येत होती.

तिथून मसिना हॉस्पिटल. बाहेरून साधं हॉस्पिटल, पण जुनी इमारत म्हणजे डेव्हिडचा बंगला, ‘सां सुसी’. फ्रेंच नाव, अर्थ ‘निश्चिंत’. आत नातेवाईक फाइली घेऊन जिन्यावर बसलेले. त्यांच्यात आम्ही बंगला बघायला आलोय म्हणायची लाज वाटली, म्हणून दारातूनच परतलो.

नागपाड्याच्या वाटेवर मागेन डेव्हिड सिनेगॉग. डेव्हिडनं स्वतः बांधवलेलं, 1860 च्या दशकातलं. उंच खांब, वर घड्याळ, सगळं फिकट निळं. आवारातच ससून घराण्याची शाळा. शाळा सुटली तेव्हा निळ्या इमारतीसमोरून हिजाब घातलेल्या मुलींची रांग चिवचिवत गेली. राखणदार म्हणाला, "आता ज्यू मुलं नाहीतच. सगळी मोहल्ल्यातली." ते तो असं सांगत होता, जसं पाऊस पडला की पाणी तुंबतं हे सांगतात.

संध्याकाळी डेक्कन क्वीन. डायनिंग कारमध्ये कटलेट खाल्लं, दोन वेळा. कर्जत सोडल्यावर पावसानं काच धरली, बोगद्यांमधल्या फटींतून धबधबे नुसते पांढरे ओघळ दिसत होते, आणि खंडाळ्याला गाडी लागेपर्यंत बाहेर अंधार. बोर घाटातली ही रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. त्याआधी मुंबईचे शेटसावकार पालखीतून नाहीतर तट्टावरून हा घाट चढायचे. पावसाळा आला की गव्हर्नर पुण्याला यायचा, त्यामागे ज्यांना गव्हर्नरशी काम ते सगळे यायचे. ससूननंही पुण्यात बंगला केला, तो त्यामुळेच.

घाटातच भाच्यानं फोनवर काहीतरी वाचून विचारलं, "मामा, हा तर अफूवाला होता. तू आजीला कापड काय सांगितलंस?"

होता. मुंबईतल्या कुठल्या फलकावर मला तो शब्द दिसला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बंगालची अफू कंपनी सरकार स्वतः पिकवून घ्यायचं आणि कलकत्त्याला लिलावात विकायचं. माळव्याची अफू मात्र संस्थानांच्या मुलुखातली, ती सरकारच्या ताब्यात नव्हती. ती चोरवाटेनं कराचीकडून, पोर्तुगीज दमणवरून बाहेर जायची. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली, आणि माळव्याचा माल मुंबईकडे वळला. सरकारनं दर पेटीमागची परवान्याची रक्कम वाढवत नेली आणि हात वर केले. त्याच्या आदल्या वर्षी नानकिंगच्या तहानं चीनची पाच बंदरं उघडली होती. इलियास चीनला का गेला, 1844 मध्येच का गेला, हे आता वेगळं सांगायला नको.

ससूनची खुबी अशी की, त्यांनी बाजारात उभं राहून अफू विकत घेण्यापेक्षा पीक हाती यायच्या आधीच माळव्याच्या व्यापाऱ्यांना उचल दिली. आपल्याकडे उसाला, द्राक्षाला उचल देतात, तसंच. ज्याची उचल त्याचा माल. जार्डिन मॅथेसनसारखी मोठी इंग्रज पेढी 1870 च्या दशकात या धंद्यातून बाजूला झाली, ती या पद्धतीपुढे टिकेना म्हणून. एकटा ससूनच नव्हे, मुंबईतले पारशी, मारवाडी, बोहरी सगळे यात होते, आणि सगळ्यात मोठी मलई सरकारची. तरीही कँटनच्या गल्लीत जो पडला होता त्याला या यादीचा काय उपयोग?

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे. आजीला सांगणार का?"

शनिवार

सकाळी नऊला पुणे कँपात लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या, फाटकावर. राखणदारानं आम्हा दोघांकडे दयेनं पाहिलं. "आज शनिवार आहे ना साहेब."

शब्बाथ! ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. ज्यू माणूस शोधायला निघालेल्या मला शनिवार लक्षात आला नाही. (शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी सिनेगॉग बघायला जाऊ नका. एरवीही आधी फोन करून परवानगी घ्या.)

मग ससूनला गेलो. आई म्हणायची ती जुनी दगडी इमारत अजून आहे, मनोऱ्यासकट. डेव्हिडच्या देणगीतून उभी राहिलेली, 1867 ची. नकाशा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स नावाच्या लष्करी इंजिनियरचा, लाल देवळाचाही त्याचाच. दोन्हींपैकी एकही पुरी झालेली डेव्हिडनं पाहिली नाही. तो 7 नोव्हेंबर 1864 ला पुण्यातच वारला.

आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. इंदापूरची, दौंडची, भोरची माणसं. एक आजीबाई झाडाखाली सतरंजी पसरून भाकरी सोडत होत्या. मला म्हणाल्या, "कुणाचं आणलंय तुम्ही?" कुणाचं नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ससूनला उगाच येणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. भाकरीचा तुकडा आणि ठेचा मात्र दिला.

गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथलंच. 12 जानेवारी 1924 ची रात्र, येरवड्याच्या तुरुंगातून आणलेले, कर्नल मॅडॉक सर्जन, आणि मध्येच वीज गेली. शेवटी कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. ती खोली स्मारक म्हणून जपली आहे. आईनं फोनवर बजावलं होतं, "तिथे गेलास तर खोलीच्या दारातून डावीकडे बघ, आमचं होस्टेल दिसायचं." डावीकडे नवी इमारत आहे. तिला मी सांगितलं, झाडं वाढलीयत, नीट दिसत नाही.

दुपारी पाऊस. लॉजच्या खिडकीत बसून दोन चहा आणि एक झोप. बाकी काही नाही.

रविवार

लाल देऊळ उघडलं. खरं नाव ओहेल डेव्हिड, ‘डेव्हिडचा तंबू’. सिनेगॉगला ‘लाल देऊळ’ हे नाव पुणेकरांनीच ठेवलं असणार. लाल वीट, मध्ये काळ्या दगडाच्या कडा आणि नव्वदेक फुटांचा मनोरा. लांबून कुणीही चर्च म्हणेल. पावसानं वीट भिजून गडद झाली होती, गेरू लावल्यासारखी.

दारात एक सत्तरीच्या बाई भेटल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी, आडनाव कोकणातल्या गावावरून, शेवटी ‘कर’. आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी.

"आमचं रास्ता पेठेत आहे, सुक्कथ शेलोमो. पण आता माणसं कमी, इथेही येतो." मग हसून, "पूर्वी एवढं सोपं नव्हतं हो. हे बगदादी म्हणजे शेट लोक, आणि आम्ही शनवार तेली. आम्ही खरे ज्यू का, इथपासून त्यांना शंका. मुंबईत स्मशानात वेगळी जागा मागितली होती त्यांनी आमच्यापासून."

शनवार तेली हे नाव मी ऐकलं होतं, पण ज्यांचं आहे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. कुलाब्याच्या, म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर घाण्यावर तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून शनवार तेली. मी विचारलं, राग येतो का? "आता कुणाचा यायचा? ते सगळे लंडनला गेले. दिवे लावायला आम्हीच आहोत." पिशवीतून डबा काढून त्यांनी हातावर मलिदा ठेवला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं करतात. अगदी आमच्या घरच्या गोड पोह्यांसारखी चव, आणि त्यांनाही ते सांगितल्यावर आनंद झाला.

डेव्हिडची कबर आवारातच, देवळाच्या बाजूला. टोकदार कमानींची छोटी दगडी इमारत, आत हिब्रू अक्षरं. मी ती वाचू शकत नव्हतो. चार दिवस ज्याच्या मागे फिरलो त्याच्या इतक्या जवळ आलो आणि उभं राहण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी जमिनीवरचा एक बारका दगड उचलून कट्ट्यावर ठेवला. आमच्यात फुलं नाही, दगड ठेवतात, म्हणाल्या. भाच्यानंही एक ठेवला. मी चपला काढून ठेवल्या होत्या. तशी पद्धत नाही, पण कुणी काही बोललं नाही.

स्वारगेटहून सांगलीची गाडी दोन तास उशिरा सुटली. घरी पोचायला रात्रीचे साडेदहा. आई जागी होती.

जेवताना सांगून टाकलं. कापड होतं, पण मोठा पैसा अफूचा. माळव्याची अफू, चीनला जायची. तुझं ससून त्यातूनच उभं राहिलं.

आई बराच वेळ ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "अफू म्हणजे मॉर्फिनच ना रे ते?"

"हो. त्यातूनच काढतात."

"आमच्या वॉर्डात त्याचं वेगळं कपाट होतं. डीडीए म्हणायचो आम्ही, डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्टवरून. दोन कुलपं. किल्ली सिस्टरच्या कमरेला. इंजेक्शन द्यायचं तर दोघींच्या सह्या, आणि रिकामी अँप्यूलसुद्धा परत मोजून द्यायची. एकदा रात्रपाळीला एक अँप्यूल फुटली माझ्या हातून. पहाटेपर्यंत काचा गोळा करत बसले होते, मेट्रनला दाखवायला." तिनं आमटी वाढून घेतली. "तुकडे जुळवून दाखवले तेव्हा कुठे तिनं रजिस्टरवर सही केली."